उचलताना मनात काय होते? : इस्लामी धर्मशास्त्रातील हेतुविचार

आज बकरी ईद. या निमित्ताने निघालेल्या पानावर एका हरिदासाने इस्लामी धर्मशास्त्राविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल, आणि ते वाटणे रास्तच आहे. आमचे आयुष्य देवळाच्या ओसरीवर गेले. शिक्षण झाले ते व्याकरणाचे आणि पूर्वमीमांसेचे. अरबी लिपीतील एक अक्षरही आम्हांस लावता येत नाही. जे थोडेबहुत ठाऊक आहे ते भाषांतरांतून आणि आमच्या गावच्या मशिदीतील एका वृद्ध मौलवीसाहेबांजवळ बसून मिळविलेले. तथापि ज्या प्रश्नाने आम्हांस या शास्त्राच्या दाराशी नेले तो ग्रंथातून आलेला नव्हता. तो आमच्या गावच्या बाजारातून आला. यास्तव हकीकत आधी सांगतो, शास्त्र मागाहून.

सन १९८३ ची आषाढी. आम्ही तेव्हा पंचविशीत होतो आणि वडिलांच्या मागे नुकतेच नारदाच्या गादीवर उभे राहू लागलो होतो. देवळाकडे जाणाऱ्या बोळात एका मणेरचाचांचे बांगड्यांचे दुकान होते. द्वादशीच्या सकाळी वारकऱ्यांची पांगापांग होत असताना दुकानाच्या फळीखाली चाचांस एक गाठोडी सापडली. आत एक धोतर, बुक्क्याची डबी आणि धोतराच्या सोग्यात बांधलेल्या नोटा. त्या त्यांनी मोजल्या. दोनशे बारा रुपये भरले. चाचांनी गाठोडी उचलून आतल्या फडताळात ठेवली. कोणास काही बोलले नाहीत. त्याच रात्री शेजारच्या दुकानास आग लागली, ती पसरली, आणि चाचांचे दुकान, सारा माल, फडताळ, गाठोडी, सर्व जळून गेले. तिसऱ्या दिवशी परभणीकडचा एक म्हातारा वारकरी आपली गाठोडी शोधीत आला. चाचांनी त्यास सारे सांगितले आणि जळकी भिंत दाखविली. म्हाताऱ्याने हात जोडले, पांडुरंगाची मर्जी म्हणाला, आपले नावगाव सांगितले, उलट चाचांच्याच नुकसानीबद्दल हळहळला आणि निघून गेला.

व्यवहारदृष्ट्या प्रकरण येथेच मिटले होते. परंतु आठ दिवसांनी चाचा आमच्या ओसरीवर येऊन बसले.

"बुवा, तुम्ही शास्त्र शिकलेले. सांगा, मी त्या म्हाताऱ्याचं देणं लागतो का?"

आम्ही म्हटले, "चाचा, आग काय तुम्ही लावलीत? तुमचंच सारं गेलं."

"आगीचं नाही विचारत. उचलली तेव्हा माझ्या मनात काय होतं, त्याचं विचारतो. मौलवीसाहेब म्हणतात, सगळं त्याच्यावर आहे."

आम्हांस उत्तर देता आले नाही. चाचांचा हात धरूनच आम्ही प्रथम मौलवीसाहेबांकडे गेलो.

'नियत' हा शब्द आपल्या मराठीत इतका मुरला आहे की तो अरबस्तानातून आला याची आठवणही कोणास राहत नाही. नियत फिरली, नियत चांगली नाही, नियत तशी बरकत, असे आपण उठताबसता बोलतो. आपण कचेरीत भरतो ती 'अनामत' देखील मूळची 'अमानत', म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव. हे दोन्ही शब्द इस्लामी धर्मशास्त्राचे पारिभाषिक शब्द आहेत, आणि चाचांच्या प्रश्नात ते दोन्ही एकत्र आले होते.

हदीससंग्रहांत इमाम बुखारी (मृत्यू इ. स. ८७०) यांच्या 'सहीह' या ग्रंथाचा मान फार मोठा. त्या ग्रंथातील पहिलीच हदीस नियतीविषयी आहे, आणि ती हजरत उमर यांच्या तोंडून आली आहे. कर्माची किंमत त्यामागील हेतूवर ठरते, आणि ज्याने जे मनात धरले तेच त्याच्या पदरी पडते, असा तिचा आशय. पैगंबरसाहेबांनी तेथे दाखला दिला तो हिजरतीचा, म्हणजे मक्केहून मदिनेस केलेल्या स्थलांतराचा. त्या काळी श्रद्धावंताच्या हातून घडणारे याहून मोठे कर्म नव्हते. घरदार सोडायचे, आप्त सोडायचे, वाळवंट तुडवायचे. तरीही, कोणी ईश्वराकरिता निघाला असेल तर त्याचे जाणे ईश्वराकडे झाले. कोणी ऐहिक लाभाकरिता किंवा एखाद्या स्त्रीशी विवाह व्हावा म्हणून निघाला असेल तर त्याचे जाणे तेवढ्यापुरतेच. वाट तीच, उन्हाचा चटका तोच, पायांस आलेले फोडही तेच. कर्मे मात्र दोन. धर्मशास्त्राच्या सत्तर प्रकरणांत या एका वचनाचा प्रवेश होतो, असे इमाम शाफई (मृत्यू इ. स. ८२०) म्हणत असत, अशी परंपरा आहे.

उपासनेच्या प्रांतात हे तत्त्व समजण्यास सोपे आहे. दिवसभर उपाशी राहिलेला मनुष्य रोजेदार आहे की त्यास वैद्याने लंघन सांगितले आहे, हे त्याच्या पोटाकडे पाहून कळत नाही. तो भेद संकल्पाने होतो. आपल्याकडेही पूजेच्या आरंभी पळीने पाणी सोडून देश, काळ आणि प्रयोजन उच्चारतात. मात्र इस्लामी शास्त्रकारांच्या मते नियतीचे स्थान अंत:करण हे होय. मुखाने उच्चार केलाच पाहिजे असे नाही.

येथे एक गमतीचा मतभेद आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्राच्या भूगोलातच पाहावयास मिळतो. नमाजापूर्वी हातपाय धुण्याच्या विधीस 'वजू' म्हणतात. त्यास नियत आवश्यक आहे काय? घाटावरील बहुतेक मुसलमान इमाम अबू हनीफा (मृत्यू इ. स. ७६७) यांच्या संप्रदायाचे. तेथील शास्त्र सांगते की पाणी स्वभावत:च शुद्ध करणारे आहे. मनात संकल्प नसला तरी ते आपले काम करणारच, सबब नियत नसली तरी वजू होते. कोकणातील मुसलमान मात्र शाफई संप्रदायाचे. त्यांच्या मते वजू ही केवळ स्वच्छता नव्हे, उपासना आहे, म्हणून नियतीवाचून ती होतच नाही. आता पाणी नसेल तेव्हा शुद्ध मातीवर हात मारून जो 'तयम्मुम' करावयाचा त्याचे पाहा. तेथे हनफी शास्त्रही नियत मागते! कारण मातीने अंग मळते. तिला शुद्धिकारक करणारी वस्तू एकच, ती म्हणजे करणाऱ्याचा संकल्प. मौलवीसाहेबांनी हे सांगितले तेव्हा आम्ही खरोखर मांडीवर थाप मारली. आमच्या मीमांसकांस ही युक्ती फार आवडली असती.

परंतु नियत केवळ उपासनेपुरती असती तर चाचांचा प्रश्न उद्भवला नसता. ती बाजारातही येते. फकीहांचा, म्हणजे तेथील धर्मशास्त्रज्ञांचा, एक आवडता दाखला आहे. एका पारध्याने जाळे पसरले. त्यात पक्षी सापडला, आणि वाटेने जाणाऱ्या दुसऱ्याच कोणी तो उचलला. पक्षी कोणाचा? पारध्याने शिकारीसाठी जाळे लावले असेल तर पक्षी पारध्याचा. परंतु भिजलेले जाळे वाळत घालण्यासाठी पसरले असेल तर ज्याने पक्षी पकडला त्याचा. जाळे तेच, पक्षी तोच. पसरणाऱ्याच्या हेतूने मालकी फिरली. तुर्की साम्राज्यात अहमद जेवदेत पाशा यांच्या पुढाकाराने १८६९ ते १८७६ या काळात 'मजल्ला' नावाची दिवाणी संहिता सिद्ध झाली. तिची १८५१ कलमे आहेत. पहिल्या कलमात शास्त्राची व्याख्या आहे, आणि लगेच दुसऱ्या कलमात सर्व व्यवहार हेतूवरून पारखावेत हा सिद्धान्त सांगितला आहे. तिसरे कलम त्याहून पुढे जाते. करारात शब्द काय वापरले याहून उभयतांच्या मनात काय होते ते पाहावे, असे ते म्हणते.

वाचकहो, इथवर सारे सुरळीत आहे. आता अडचण येते ती अशी की मन दिसत नाही.

याविषयी दोन प्रसंग प्रसिद्ध आहेत. एका चकमकीत उसामा नावाच्या तरुण अनुयायाने शत्रुपक्षाच्या एका मनुष्यास गाठले. तलवार उगारलेली पाहताच त्या मनुष्याने कलमा उच्चारला. उसामांनी त्यास तरीही ठार केले. हा केवळ जीव वाचविण्यासाठी बोलला, असे त्यांचे म्हणणे. पैगंबरसाहेबांस हे कळले तेव्हा ते अत्यंत व्यथित झाले, आणि त्याचे हृदय चिरून तू आत पाहिले होतेस काय, अशा अर्थाचा प्रश्न त्यांनी पुन्हा पुन्हा केला. दुसरा प्रसंग न्यायदानाचा. पैगंबरसाहेबांनी वादी-प्रतिवादींस बजावले की, मीही मनुष्यच आहे. तुमच्यातील एखादा बोलण्यात अधिक चतुर असेल आणि मी ऐकले त्यावरून त्याच्या बाजूने निवाडा देईन. परंतु दुसऱ्याचा हक्क असा मिळविलात तर तो विस्तवाचा तुकडा समजून घ्या. याचा अर्थ असा की न्यायाधीशाने बाहेरचे पाहावे, आतले ईश्वराने. हनफी शास्त्रात यासाठी दोन शब्द आहेत. काजीपुढे लागू पडते ती 'कजा', आणि मनुष्य व ईश्वर यांच्यामध्ये उरते ती 'दियानत'. एकाच प्रश्नास दोन उत्तरे असू शकतात, आणि दोन्ही शास्त्रशुद्ध असतात.

हत्येच्या खटल्यात देखील हीच अडचण. हेतुपुरस्सर वध आणि चुकून झालेला वध यांत देहदंड आणि रक्तभरपाई एवढे अंतर. पण मारणाऱ्याचे मन कसे ओळखावे? अबू हनीफांनी हत्याराकडे पाहिले. देह भेदणारे धारदार शस्त्र असेल तरच हेतू निश्चित मानावा, असे त्यांचे मत. त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहंमद यांनी गुरूंशी मतभेद केला. ज्याने सामान्यत: माणूस मरतो असा मोठा धोंडाही पुरेसा आहे, असे ते म्हणाले. शिष्यांचे म्हणणे आम्हांस अधिक पटते. परंतु संशयाचा फायदा प्राण वाचविण्याकडे द्यावा ही गुरूंची वृत्तीही थोर होती.

बाहेरचेच पाहावे, हा नियम सर्वत्र सारख्याच कडकपणे लावला की काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. विवाह, तलाक आणि तलाक मागे घेणे या तीन गोष्टींत थट्टाही खरीच धरावी, अशी एक हदीस आहे. तिचे मूळ प्रयोजन उघड आहे. कोणी स्त्रीच्या आयुष्याशी खेळ करू नये, आणि बोलून मग मी हसण्यावारी बोललो म्हणून सुटू नये. हनफी शास्त्राने त्यावरून ठरविले की तलाकचे स्पष्ट शब्द उच्चारले की तलाक झाला. नियत विचारण्याचे कारण नाही. संदिग्ध शब्द असतील तरच ती विचारावी. आता १९३२ सालचा प्रिव्ही कौन्सिलचा निवाडा पाहा: रशीद अहमद विरुद्ध अनीसा खातून. पतीने १९०५ मध्ये साक्षीदारांपुढे तीनदा तलाक उच्चारला होता. त्यानंतरही ती दोघे पती-पत्नी म्हणून सुमारे पंधरा वर्षे, पतीच्या मृत्यूपर्यंत, एकत्र राहिली. पाच मुले झाली. वारसाहक्काचा तंटा लंडनपर्यंत गेला. हा तलाक खरा व्हावा असे पतीच्या मनात नव्हते, हा मुद्दा तेथे निघाला. न्यायाधीशांनी सांगितले की मनात काय होते याने तलाकास बाध येत नाही. पाचही मुले अनौरस ठरली.

स्त्रीच्या रक्षणासाठी जो नियम, त्याने त्या घराचे असे झाले. नियमाचे अक्षर पाळले गेले. नियम कशासाठी होता हे कोणी विचारले नाही. भारतात ही स्थिती आता राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो प्रकरणात एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरविला, आणि २०१९ मध्ये तसा कायदाही झाला.

जुलमाने वदवून घेतलेल्या तलाकाचे काय, यावरही इमामांचे एकमत नाही. हनफी शास्त्र तो धरते. मदिनेचे इमाम मालिक (मृत्यू इ. स. ७९५) यांनी तो मुळीच मानला नाही. ज्याच्या मानेवर सुरी आहे त्याच्या शब्दास नियत कोठून असणार? हे मत बोलणे त्यांस फार महाग पडले. इ. स. ७६२ मध्ये मदिनेत अब्बासी खलिफाविरुद्ध उठाव झाला होता. जबरदस्तीचा तलाक जर शून्य, तर जबरदस्तीने घेतलेली राजनिष्ठेची शपथही शून्यच, हे लोकांनी ताडले आणि अधिकाऱ्यांनीही ताडले. परंपरा सांगते की इमामांस फटके मारण्यात आले, त्यांचे हात ओढून खांदा निखळविला. पण त्यांनी मत बदलले नाही. धर्मशास्त्रातील एक बारीक कलम म्हणून आपण वाचतो ते असे कोणाच्या तरी पाठीवर उमटलेले असते.

याच्या उलट बाजूस आहेत पळवाटा काढणारे. अरबीत त्यांस 'हीला' म्हणतात. व्याज निषिद्ध आहे ना? मग सावकाराने गरजवंतास कापडाचे एक ठाण एकशे दहा रुपयांस उधारीने विकावे आणि तेथल्या तेथे शंभर रुपये रोख देऊन परत घ्यावे. ठाण जागचे हललेही नाही. शंभर गेले, एकशे दहा येणार. कागदावर दोन चोख विक्रीव्यवहार! अथवा वर्ष पुरे होण्याच्या आदल्या दिवशी आपली संपत्ती पत्नीच्या नावे करावी, म्हणजे जकात नको. अथवा, आणि हे सर्वांत अमंगळ, तीन तलाक झालेल्या स्त्रीस पहिल्या पतीकडे परतता यावे म्हणून तिचा दुसऱ्याशी नावापुरता विवाह लावावा, सकाळी सोडून देण्याच्या बोलीने. असे करणारा आणि ज्याच्यासाठी करतात तो, या दोघांचाही हदीसेत धिक्कार आहे.

यावर इमामांचे दोन तट पडले. मालिक आणि अहमद इब्न हंबल (मृत्यू इ. स. ८५५) म्हणाले की हेतूच दूषित असल्यामुळे असा व्यवहार आणि असा विवाह मुळातच होत नाही. शाफई म्हणाले, व्यवहाराची बाह्यांगे पूर्ण असतील तर तो मोडण्याचा अधिकार काजीस नाही. करणाऱ्याचे पाप करणाऱ्याच्या माथी. तरुणपणी आम्हांस शाफईंचे म्हणणे केवळ तांत्रिक वाटे. वय वाढले तसे त्यातील शहाणपणही दिसू लागले. तुझ्या मनात खोट होती, एवढे म्हणून ज्याचा त्याचा सौदा मोडता येऊ लागला, तर दुबळ्याचा कोणता सौदा टिकेल? तरीही कौल द्यावयाचा झाला तर आम्ही मालिकांच्या बाजूने देऊ, निदान जेथे एखाद्या स्त्रीस त्या नाटकात पात्र करून उभे केले जाते तेथे. इमाम बुखारींनी आपल्या ग्रंथात पळवाटांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, आणि त्याच्या आरंभी पुन्हा तीच नियतीची हदीस ठेवली आहे. टीका करावी तर अशी!

आता माणसाच्या हेतूवरून शास्त्राच्या हेतूकडे वळू. करणाऱ्याच्या मनात काय आहे हा एक प्रश्न. विधी सांगणाऱ्याच्या मनात काय आहे हा दुसरा. मीमांसेत आम्ही यालाच दृष्टार्थ आणि अदृष्टार्थ म्हणतो. भात कांडावयाचे ते कोंडा निघावा म्हणून, हे प्रयोजन डोळ्यांस दिसते. काही विधींचे प्रयोजन मात्र दिसत नाही, ते वचनाच्या आधारे करावयाचे. इस्लामी शास्त्रकारांनी जवळजवळ हीच विभागणी केलेली पाहून आम्ही थक्क झालो. उपासनेत का म्हणून विचारू नये, व्यवहारात अवश्य विचारावे, असा त्यांचा सर्वसाधारण दंडक. काबागृहातील कृष्णशिलेचे चुंबन घेताना हजरत उमर म्हणाले होते की तू शिळा आहेस, तुझ्याने कोणाचे बरे वा वाईट होत नाही, हे मी जाणतो. पैगंबरांनी केले म्हणून मी करतो. आणि हेच उमर व्यवहारात किती खोल पाहत!

त्यांच्या खिलाफतीतील गोष्ट इमाम मालिकांच्या 'मुवत्ता' या ग्रंथात आहे. हातिब यांच्या घरच्या गुलामांनी मुजैना टोळीच्या एका मनुष्याची सांडणी चोरून कापून खाल्ली. चोरी शाबीत झाली. उमरांनी हात तोडण्याचा हुकूम दिला. हुकूम झाला, आणि मग ते थांबले. मालकाकडे वळून म्हणाले की तू यांस उपाशी ठेवतोस असे मला दिसते. शिक्षा फिरली ती मालकावर. सांडणीची किंमत काय, असे त्यांनी फिर्यादीस विचारले. चारशे दिरहमांनाही मी ती दिली नसती, असे तो म्हणाला. उमरांनी मालकास आठशे भरावयास लावले. इ. स. ६३९ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला तेव्हाही त्यांनी चोरीची ही शिक्षा थांबविली होती, असे सांगतात. कुराणातील दंडवचन त्यांनी रद्द केले नाही. ते पोट भरलेल्या चोरासाठी आहे, भुकेल्यासाठी नव्हे, हे त्यांनी ओळखले. गंमत अशी की ही कथा नोंदवून झाल्यावर मालिक स्वत: सांगतात की दुप्पट किंमत घेण्याची वहिवाट आमच्याकडे नाही. कथा सांगावी, पण तिचा नियम करताना हात राखावा, हेही शास्त्रकाराचे लक्षण.

पुढे याचे शास्त्र झाले. इमाम गझाली (मृत्यू इ. स. ११११) यांनी सांगितले की शरियतीच्या सर्व विधिनिषेधांचे पर्यवसान पाच वस्तूंच्या रक्षणात होते: धर्म, प्राण, बुद्धी, वंश आणि वित्त. स्पेनमधील ग्रॅनडाचे शातिबी (मृत्यू इ. स. १३८८) यांनी 'मुवाफकात' या ग्रंथात त्याचा मोठा विस्तार केला, आणि आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्यांनी तेथे मांडले. करणाऱ्याचा हेतू हा विधी घालून देणाऱ्याच्या हेतूशी जुळला पाहिजे. विधीचे अंग वापरून भलतेच साधणाऱ्याचे कर्म निष्फळ होय. पळवाटांचा सारा बाजार या एका वाक्यार्थाने उठतो. पाच शतकांनी हा ग्रंथ ट्युनिसमध्ये छापला गेला, आणि त्याच नगरीतील इब्न आशूर यांनी १९४६ मध्ये शरियतीच्या प्रयोजनांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. प्रयोजनाच्या नावाखाली वाटेल तो विधी वाकविणारेही निघतात, हे खरे. त्याची भीती गझालींनाही होतीच.

आजच्या सणाकडे येऊ. कुर्बानीचे मांस आणि रक्त ईश्वरापर्यंत पोहोचत नाही, पोहोचते ती तुमची निष्ठा, असा आशय कुराणाच्या बाविसाव्या अध्यायात आहे. हे केवळ उपदेशपर समजू नये. हनफी शास्त्राने त्याचा चक्क नियम केला आहे. उंटासारख्या मोठ्या जनावरात सात वाटेकरी असू शकतात. त्यांपैकी सहा जणांची नियत उपासनेची आणि सातव्याची केवळ मांसाची असेल, तर सातांचीही कुर्बानी होत नाही. शाफई शास्त्र इतके कडक नाही. ते ज्याचे त्याला देते. आणि कुर्बानी पहिल्याच दिवशी केली पाहिजे असेही नाही. हनफी शास्त्राप्रमाणे तीन दिवस, शाफईप्रमाणे चार दिवस मोकळे आहेत. वाचकांस आठवत असेल की १० जुलै २०२२ आणि २९ जून २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. महाराष्ट्रात अनेक गावच्या मुसलमानांनी त्या दिवशी नमाज पढला आणि कुर्बानी पुढे ढकलली. वृत्तपत्रांनी त्यास सलोखा म्हटले. तो होताच, परंतु तो शास्त्र सोडून केलेला नव्हता, शास्त्राने मोकळ्या ठेवलेल्या जागेत केलेला होता, एवढे नोंदविणे आम्हांस अगत्याचे वाटते.

असो. चाचांचा निवाडा राहिलाच.

मौलवीसाहेबांनी 'हिदाया' काढला. बाराव्या शतकातील मर्गीनानी यांचा हा हनफी ग्रंथ. वॉरन हेस्टिंग्जच्या प्रेरणेने चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले, आणि कंपनी सरकारच्या काळापासून आपल्या न्यायालयांत तो वापरात होता. सापडलेल्या वस्तूवर त्यात एक अख्खे प्रकरण आहे. मालकास परत देण्याच्या हेतूने उचललेली वस्तू ही उचलणाऱ्याकडे अमानत. त्याच्या चुकीवाचून ती नष्ट झाली तर तो काही देणे लागत नाही. स्वत:साठी उचलली असेल तर मात्र तो अपहार. मग आग लागो की पूर येवो, भरपाई द्यावीच लागते. हेतूचा पुरावा काय? उचलताना कोणास साक्षी ठेवून तसे सांगावे. साक्षी नसेल आणि मालकाने हरकत घेतली तर? अबू हनीफा म्हणतात, भरपाई द्यावी. अबू यूसुफ म्हणतात, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा.

मौलवीसाहेब म्हणाले, "इथं तर मालकाची हरकतच नाही. काजीपुढे गेलात तर तुम्ही मोकळे."

चाचा म्हणाले, "मला काजीचं नको. घरचं सांगा."

"घरचं मी कसं सांगू, भाई? उचलताना मनात काय होतं?"

चाचा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाठ चाचपली तेव्हा नोटा लागल्या. पुकारा करावा असं आलं मनात. पण त्याच्या आधी दुसरं काहीतरी येऊन गेलं. किती वेळ होतं, सांगता येत नाही. पण मोजल्या मी त्या. परत द्यायच्या तर मोजल्या कशाला?"

मौलवीसाहेबांनी पुस्तक मिटले. ते काहीच म्हणाले नाहीत. आम्हांसही काही सुचले नाही. एका क्षणाचा हेतू, त्यानंतर आलेला दुसरा हेतू, आणि त्या दोहोंच्या मध्ये उचललेली वस्तू. कोणता धरावा? त्या वेळी आम्ही इतकेच म्हटले की, चाचा, तुम्ही स्वत:वर फार कडक होता आहात. ते नुसते हसले.

दुकान पुन्हा उभारण्यास त्यांस पाच महिने लागले. मार्गशीर्षात एके दिवशी ते मनीऑर्डरचा फॉर्म घेऊन आमच्याकडे आले. त्यांस मराठी लिहिता येत नसे. आम्ही परभणीकडचा पत्ता घातला, दोनशे बारा रुपये लिहिले. खालच्या जागेत मजकूर काय लिहू, असे विचारले. ते म्हणाले, "काही नको. आगीतली रक्कम, एवढंच." पंधरा दिवसांनी पोचपावती आली, तीवर अंगठ्याचा ठसा होता.

पुढच्या आषाढीस तो म्हातारा नातीसाठी बांगड्या घेण्यास चाचांच्या दुकानी आला. आम्ही तेथेच बसलो होतो. दोघांपैकी कोणीही त्या पैशांचा विषय काढला नाही. हिरव्या बांगड्यांच्या डझनाच्या भावावरून मात्र त्या दोघांची अर्धा तास घासाघीस चालली होती.